अंगणात पडलेलं पिल्लू: उचलण्याआधी आणि उचलल्यानंतर

मार्च उजाडला की बुलबुल, दयाळ, साळुंकी, शिंपी यांची घरटी सुरू होतात आणि पावसाळा सरेपर्यंत कुणाची ना कुणाची वीण चालूच असते. या दिवसांत कधीतरी तुळशीमागे, झाडाच्या आळ्यात, नाहीतर सोसायटीच्या पार्किंगमध्ये एखादं पिल्लू जमिनीवर बसलेलं दिसतं. शेपूट अर्धवट, चोचीच्या कडा पिवळ्या, उडता येत नाही. बघणाऱ्याचा जीव कळवळतो आणि हात आपोआप पुढे होतो.

तो हात पाच मिनिटं मागे घ्या, एवढीच माझी पहिली विनंती आहे. जमिनीवर दिसणारी बरीचशी पिल्लं पडलेली नसतात, आपणहून उतरलेली असतात. त्यांचे आईबाप जवळच्याच फांदीवर चोचीत अळी धरून आपण बाजूला होण्याची वाट बघत असतात. अशा पिल्लाला घरात आणलं, तर भल्या मनाने का होईना, आपण ते आईबापांकडून पळवलेलं असतं. घरात वाढवलेल्या पिल्लाला अळी कशी पकडायची, शिक्रा दिसला की कुठे दडायचं, आपल्या जातीची हाक कोणती, यातलं काहीच शिकायला मिळत नाही. म्हणून खोका शोधण्याआधी पिल्लाकडे नीट बघायचं.

कोवळं की नवशिकं?

सगळा निर्णय या एका प्रश्नावर ठरतो.

कोवळं पिल्लू घरट्यातच असायला हवं. अंग उघडं, गुलाबी, किंवा पाठीवर पिसांच्या निळसर काळ्या नळ्या नुकत्या फुटलेल्या. डोळे मिटलेले किंवा किलकिले. पायांवर उभं राहता येत नाही, पोटावर पसरून पडतं. हे पिल्लू नक्की पडलेलं आहे आणि त्याला मदत हवी आहे.

नवशिकं पिल्लू वेगळं दिसतं. अंगभर पिसं, डोळे टक्क उघडे, शेपूट आखूड, डोक्यावर कुठे कुठे लव शिल्लक. ते टुणटुण उड्या मारतं, पंख फडफडवून हातभर वर उठतं, पुन्हा खाली येतं. जवळ बोट नेलं तर बोट घट्ट धरून बसू शकतं, किंवा सरळ पळ काढतं. ते अगदी ठणठणीत असतं. बुलबुलाची पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून दोनेक आठवड्यांत घरटं सोडतात आणि तेव्हा त्यांना धड उडता येत नसतं. दयाळ, शिंपी, सातभाई यांच्याकडेही हेच. पुढचे काही दिवस ती झुडपांत, कुंड्यांमागे, जमिनीवर काढतात आणि आईबाप तिथे येऊन त्यांना भरवतात. घरटं साप, मांजर, कावळे यांना ठाऊक झालेलं असतं. सगळी पिल्लं एकाच जागी राहण्यापेक्षा चार झुडपांत पांगली, तर एखादं तरी वाचतं. म्हणून अर्धवट पंखांवर घर सोडण्यात काही चूक नाही, ती त्यांची रीतच आहे.

नवशिकं असेल तर राखण करा

पिल्लू रस्त्यावर, गाडीच्या चाकाजवळ किंवा उघड्या फरशीवर उन्हात असेल, तर दोन्ही हातांच्या ओंजळीत अलगद उचला आणि आठ-दहा पावलांच्या आत एखाद्या दाट झुडपात, कमरेएवढ्या उंचीच्या फांदीवर ठेवा. मोगरा, जास्वंद, मेंदीचं कुंपण, काहीही चालेल. लांब नेऊ नका. पिल्लू हाक मारतं आणि त्या हाकेच्या मागावर आई येते. दोन गल्ल्या पलीकडच्या बागेत नेऊन सोडलं, तर ती हाक तिच्यापर्यंत पोचणार नाही.

मग घरात या आणि खिडकीतून बघा. अंगणातच उभं राहून लक्ष ठेवलं, तर आईबाप खाली उतरत नाहीत, आणि आपल्याला वाटतं, कुणी येतच नाही. कीटक भरवणारे पक्षी दिवसा वारंवार फेऱ्या मारतात, त्यामुळे तास-दीड तासात निदान एकदा तरी कुणी येऊन गेलेलं दिसायला हवं. फेरी दोन-तीन सेकंदांची असते, नजर हलली की निसटते. जवळपास मोठा पक्षी सतत 'चक् चक्' असा धोक्याचा आवाज काढत असेल, तर तोही पुरावाच: आईबाप हजर आहेत आणि तुमच्यावर चिडले आहेत.

राखणीचं खरं काम मांजर, कुत्री आणि मुलं यांना आवरायचं असतं. घरचं मांजर चार-पाच दिवस आत ठेवा, निदान पहाटे आणि संध्याकाळी तरी. शेजाऱ्यांकडे मांजर असेल तर त्यांनाही सांगा. कारण सांगितलं की माणसं सहसा ऐकतात. मुलांना खिडकीतून दाखवा. वॉचमनकाकांना आणि झाडणाऱ्या मावशींना आवर्जून कल्पना द्या, नाहीतर सकाळी पाचोळ्याबरोबर पिल्लूही टोपलीत जातं. एवढं झालं की तुमच्याकडून करण्यासारखं बहुतेक सगळं झालं.

कावळ्याचं पिल्लू असेल तर छत्री घेऊन बाहेर पडा. त्याचे डोळे निळसर करडे आणि चोचीचा आतला भाग गुलाबी असतो, त्यावरून ते ओळखू येतं. ते खाली असेपर्यंत आईबाप येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोक्यावर झेपावतात. त्यांना हाकलायला दगड उचलू नका, त्या दोन-चार दिवसांपुरती वाट बदला. कधीकधी कावळा ज्या काळ्या पिल्लाला भरवत असतो ते कोकिळेचं निघतं. त्या दोघांना वेगळं करू नका. कोकीळ आपलं पिल्लू कधीच वाढवत नाही, तेव्हा त्या पिल्लाला जगात कावळ्याशिवाय दुसरं कुणी नाही. सातभाईंच्या थव्यामागे आपल्याहून मोठं पावशाचं किंवा चातकाचं पिल्लू ओरडत फिरताना दिसलं, तरी तेच समजा.

कोवळं असेल तर घरट्यात परत

इथे आधी एक समज मनातून काढायला हवा. चिमणीला माणसाचा हात लागला की ती बाटते आणि बाकीच्या चिमण्या तिला टोचून मारतात, हे आपण सगळ्यांनी आजीकडून ऐकलेलं आहे. हे खरं नाही. पक्षी आपलं पिल्लू ओळखतात ते मुख्यतः आवाजावरून आणि जागेवरून. तुमच्या हाताच्या वासाने कुठलीही आई पिल्लू टाकत नाही. माणसाच्या हाती लागणारी चिमणी बहुधा आधीच जखमी किंवा आजारी असते. ती पुढे मेली की खापर स्पर्शावर फुटतं. या समजापायी किती तरी पिल्लं दोन फूट वर असलेल्या घरट्याखाली तडफडून मरतात, कारण कुणी त्यांना उचलून परत ठेवत नाही.

तेव्हा हात धुवा आणि पिल्लू तळहातावर घ्या. ते गार लागत असेल तर आधी दोन्ही हातांच्या ओंजळीत ऊब द्या. गारठलेल्या पिल्लाला चोच उघडायचंही त्राण नसतं आणि चोच न उघडणाऱ्या पिल्लाला आई भरवत नाही. मग घरटं शोधा. बुलबुलाचं घरटं वाटीसारखं, बहुतेक वेळा हाताला येईल एवढ्या उंचीवर. दयाळ आणि साळुंकी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात, पाइपात. शिंपी पानं शिवून. घरटं सापडलं की पिल्लू इतर भावंडांशेजारी ठेवा आणि लगेच दूर व्हा. शिडी लावायची असेल तर दुसऱ्याला खाली धरायला सांगा. घरटं तिसऱ्या मजल्याच्या छज्ज्यावर असेल तर तिथे चढण्याचं धाडस करू नका. पर्यायी घरटं करता येतं.

त्यासाठी लहान बांबूची टोपली, नारळाची करवंटी, नाहीतर श्रीखंडाचा रिकामा डबा पुरतो. तळाला चार-पाच भोकं पाडा. हे विसरलात तर पहिल्या सरीत डब्यात पाणी साचून पिल्लू बुडेल. आत सुकं गवत किंवा नारळाचा मऊ काथ्या असा रचा की मधे खळगा राहील आणि पिल्लाचे पाय पोटाखाली गोळा होतील. गुळगुळीत तळावर ठेवलेल्या पिल्लाचे पाय दोन बाजूंना फाकतात आणि पुढे ते कायमचं अधू होतं. कापूस घालू नका, नख्यांत आणि बोटांत त्याचे धागे अडकतात. डबा फार खोलही नको, कारण आत बसलेल्या आईला बाहेरचा धोका दिसायला हवा. मूळ घरट्याच्या शक्य तितक्या जवळ, सावलीत, पावसाचा थेट मारा लागणार नाही अशा जागी तो तारेने किंवा सुतळीने घट्ट बांधा. वाऱ्याने हलता कामा नये.

शिंपी किंवा शिंजीर (फुलांतला रस पिणारा इवला पक्षी) यांचं घरटं पानासकट तुटून खाली आलं असेल, तर ते तसंच उचलून त्याच झाडाला, साधारण त्याच उंचीवर बांधा. शिंजिराचं लोंबतं घरटं बांधताना त्याचं दार आधी ज्या दिशेला होतं तिकडेच ठेवा.

आणि मग पुन्हा खिडकीतून लक्ष. दोन तासांत कुणीच आलं नाही, तर पुढची पायरी: खाली सांगितलेला खोका आणि मदतीसाठी फोन. होला (कबुतरासारखा लहान पक्षी) आणि पारवा यांना हा हिशेब लावू नका. ते पिल्लांना दिवसातून मोजक्याच वेळा, पण पोट भरून पाजतात. घुबडं रात्री येतात.

वाट न बघता मदत मागायची वेळ

मांजराने धरलेलं पिल्लू, मग वरून जखम दिसो वा न दिसो. मांजराच्या दातांची भोकं सुईच्या टोकाएवढी असतात, पिसांत दिसत नाहीत, पण त्यांतून जाणारे जंतू एक-दोन दिवसांत पिल्लाला संपवतात. त्याला डॉक्टरचं औषध लागतं आणि ते लवकर लागतं. 'बरं दिसतंय' म्हणून झुडपात सोडू नका.

याशिवाय: पंख लोंबतोय, पाय वाकडा आहे, रक्त येतंय, अंगावर मुंग्या चढल्या आहेत किंवा माश्यांनी अंडी घातली आहेत, मान एका बाजूला कलते आहे, किंवा आईबापांपैकी कुणी मेलेलं शेजारीच दिसतंय. मांजा किंवा दोरा गुंडाळलेला असेल तर ओढू नका, झाडाकडची बाजू कापा आणि अंगावरचा तसाच ठेवून घेऊन जा.

एकाच जागी बरेच पक्षी एकाएकी मेलेले आढळले, तर मात्र हात लावू नका आणि पशुसंवर्धन विभागाला कळवा. बर्ड फ्लूची शक्यता असते.

खोका, ऊब, काळोख

बुटांचा खोका सगळ्यांत उत्तम. झाकणाला पेन्सिलने भोकं पाडा, तळाला जुना सुती कपडा किंवा टिश्यू पेपर पसरा आणि कापडाची चुंबळ करून त्यात पिल्लू बसवा. तारेचा पिंजरा नको, त्यात फडफडून पिसं मोडतात. टॉवेलचे सुटे धागे नखांत अडकतात, म्हणून तोही नको.

कोवळ्या पिल्लाला आईच्या पोटाखालची ऊब लागते. बाटलीत गरम पाणी भरा, तिला कापड गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झालं तर पिल्लाला दुसरीकडे सरकता येतं. पाणी निवलं की बदला. गार बाटली अंगातली उष्णता ओढून घेते. पावसात भिजलेल्या पिल्लाला कापडाने टिपून घ्या, हेअर ड्रायर लावू नका. उलट मे महिन्यात विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात सापडलेलं पिल्लू चोच उघडी टाकून धापा टाकत असेल, तर ऊब अजिबात नको. सावलीतली, वारा खेळणारी गार खोली पुरते.

मग झाकण लावा आणि खोका शांत खोलीत ठेवा. टीव्ही, पंखा, पाळीव प्राणी, दर पाच मिनिटांनी येणारे पाहुणे यांपासून लांब. आपण प्रेमाने डोक्यावरून हात फिरवतो, मऊ आवाजात बोलतो. पिल्लाला मात्र ती शिकाऱ्याची पकडच वाटते. ते गप्प बसतं ते भीतीने. भीतीनेही पक्षी मरतात, म्हणून फोटो एकच काढा, ओळख पटवण्यापुरता.

खोक्यावर चिठ्ठी लावा: कुठे सापडलं, किती वाजता, कशा अवस्थेत, काय दिलं. बरं झालेलं पिल्लू त्याच परिसरात सोडता यावं, म्हणून ही चिठ्ठी मोलाची असते.

खायला काय द्यायचं?

मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि माझं उत्तर ऐकून माणसं नाराज होतात. पहिल्या काही तासांत काहीही देऊ नका.

भुकेने पिल्लू मरेल ही भीती असते. पण चुकीच्या खाण्याने आणि पाण्याने ते त्याहून लवकर मरतं. पक्ष्याच्या श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या मुळाशीच असतं. ड्रॉपरने किंवा चमच्याने चोचीत सोडलेलं पाणी सरळ फुफ्फुसात जातं. दूध तर नकोच, पक्ष्यांना ते पचत नाही. दूध-पाव, भात, भिजवलेलं बिस्किट यांनी पोट फुगतं, पण हाडं बनवायला लागणारं त्यात काही नसतं. चार दिवस भातावर वाढवलेल्या पिल्लाचे पाय वाकलेले बघणं फार वाईट असतं. दाणे टिपणारी चिमणीसुद्धा आपल्या कोवळ्या पिल्लांना मुख्यतः अळ्या आणि किडे भरवते. होला आणि पारवा आपल्या गळ्याच्या पिशवीत तयार होणारं दुधासारखं द्रव पाजतात. ते पिल्लू चोच उघडून मागत नाही, आईच्या चोचीत आपली चोच घालतं. त्याला जबरदस्तीने भरवायला गेलं तर गुदमरतं.

मदत दुसऱ्या दिवशीच मिळणार असेल, तर फोनवर जाणकाराला फोटो पाठवून, पक्षी ओळखून घेऊन, ते सांगतील तेवढंच द्या. बुलबुल, साळुंकी, दयाळ अशा पिल्लांसाठी बहुधा कोमट पाण्यात मऊ भिजवलेले मांजराच्या सुक्या खाद्याचे दाणे सांगतात: पाणी निथळून, मुगाच्या दाण्याएवढा तुकडा, बोथट काडीने, आणि पिल्लाने आपणहून चोच उघडली तरच. होल्याला किंवा पोपटाला हे चालत नाही. अंग गार असेल तर आधी ऊब, मगच खाणं. गारठलेल्या शरीरात अन्न पचत नाही.

फोन कुणाला?

महाराष्ट्रात वन विभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. तिथून तुमच्या भागातल्या वनरक्षकाशी किंवा बचाव पथकाशी जोडून देतात. नागपूरला सेमिनरी हिल्सवर वन विभागाचं ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर, म्हणजे जखमी वन्यप्राण्यांचं उपचार केंद्र आहे, पुण्यात बावधनला तसं केंद्र आहे, आणि मुंबईत परळचं बाई साकरबाई पेटिट रुग्णालय, ज्याला जुने मुंबईकर बैलघोडा इस्पितळ म्हणतात. इतर गावांत तालुक्याचा पशुवैद्यकीय दवाखाना आणि स्थानिक पक्षिमित्र किंवा सर्पमित्र उपयोगी पडतात. साप पकडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना पक्षीही हाताळता येतात. ही माहिती आजच शोधून फोनमध्ये ठेवा. रविवारी संध्याकाळी पिल्लू हातात घेऊन शोधत बसणं जड जातं.

नेताना खोका मांडीवर धरा, स्कूटरच्या डिकीत नको.

आणि पाळायचा विचार मनात असेल तर तो सोडा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार आपले पोपट, मैना, मुनिया, घुबडं घरात ठेवणं गुन्हा आहे, पिल्लू पडलेलं सापडलं असलं तरीही. जखमी पक्षी केंद्रापर्यंत पोचवणाऱ्याला कुणी गुन्हेगार ठरवत नाही. तो घरात ठेवून घेणं वेगळं.

ज्यांना वरचे नियम लागू नाहीत

पाकोळी. इमारतींच्या छज्ज्याखाली घरटी करणारा हा काळपट पक्षी, कोयत्यासारखे लांब पंख आणि इवलेसे पाय. तिचं पिल्लू घरट्यातून थेट हवेत झेपावतं, जमिनीवरचा टप्पा तिच्या आयुष्यात नाहीच. खाली सापडलेली पाकोळी नेहमी मदतीची गरजू समजा. तिला हवेत उडवून बघू नका, पडली तर छातीचं हाड मोडतं.

टिटवी, तित्तर, लावा, पाणकोंबडी यांची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर लगेचच धावायला लागतात. लव असलेला गोळा तुरुतुरु पळतोय आणि वरून टिटवी आकांत करतेय, तर तुम्ही फक्त निघून जा. पाणकोंबडीचं पिल्लू काळंभोर असतं, कावळ्याचं समजून लोक ते उचलतात.

पिंगळ्याचं किंवा गव्हाणी घुबडाचं पिल्लू खाली दिसलं तर गर्दी जमते, कुणी अपशकुन म्हणतं, कुणी त्याहून वाईट काही सुचवतं. आधी माणसं पांगवा, पिल्लाला तोच खरा धोका असतो. पिंगळ्याचं पिसं फुटलेलं पिल्लू जवळच्या खोडावर टेकवलं तर नख्यांनी धरून पुष्कळदा आपणच वर चढतं. घारीचं पिल्लू जाड टॉवेल टाकून, डोकं झाकून उचला आणि पाय सांभाळा. तिची चोच नाही, नख्या जखमी करतात. बगळे, वंचक, रातबगळे यांचं उलट. पावसाळ्यात त्यांच्या वसाहतीखाली बरीच पिल्लं पडतात, आणि ती सरळ डोळ्यांवर चोच मारतात. चष्मा घाला, पिल्लू चेहऱ्यापासून लांब धरा.

छाटणीत तुटलेली घरटी

पावसाळ्याआधी, एप्रिल-मे महिन्यांत, सोसायट्या फांद्या छाटून घेतात. ऐन विणीचे दिवस असतात ते, आणि एका दुपारीत पाच-सहा घरटी खाली येतात. शहरात छाटणीसाठी महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. परवानगी असली तरी धोकादायक नसलेल्या फांद्यांचं काम पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये करून घ्या, असा आग्रह सभेत धरा. काम आताच होणार असेल तर आदल्या दिवशी सकाळी झाडाखाली अर्धा तास उभं राहा. चोचीत काही घेऊन पुन्हा पुन्हा त्याच फांदीत शिरणारा पक्षी दिसला, की त्या फांदीला लाल चिंधी बांधा आणि कामगारांना ती सोडायला सांगा.

फांदी तुटलीच, तर पिल्लं घरट्यातून काढू नका. घरट्याच्या दोन्ही बाजूंचा हातभर तुकडा करवतीने कापून घ्या आणि तो तसाच्या तसा उरलेल्या झाडाला, नाहीतर शेजारच्या झाडाला, सावलीच्या बाजूला सुतळीने बांधा. अंधार पडायच्या आत बांधा, म्हणजे उजेड असेपर्यंत आईला जागा शोधायला वेळ मिळतो.